चौथ्या माळेला बंद केलेली गोळी

नवरात्रात आमच्या घरी बायका जमायच्या त्या माझ्या धाकट्या जावेसाठी. तिच्या अंगात वारं यायचं. तुळजापूरच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, पण वाचणारं कुणी लांबचं असलं तर सांगते. आराधी बायका गळ्यात कवड्यांच्या माळा घालून येतात, संबळ वाजतो, तुणतुणं वाजतं, देवीची गाणी होतात, आणि ऐकत बसलेल्या एखादीचं अंग थरथरायला लागतं. मग तेवढा वेळ ती आपल्यातली राहत नाही. तिला हळदीकुंकू लावायचं, पाया पडायचं आणि मनात असेल ते विचारायचं. माझी जाऊ एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी. वारं आलं की तिचे डोळे वर जायचे, कपाळावर घाम फुटायचा, आणि श्वास असा चालायचा की पदर छातीवर ठरायचा नाही. गळ्यापाशी शीर उडताना मला दिसायची.

विचारायचं काम माझं होतं. थोरली म्हणून मी तिच्या शेजारी बसायचे, तिचा हात हातात धरायचे. बाया माझ्या कानात सांगायच्या, मी मोठ्यानं विचारायचे, आणि ती जे पुटपुटेल ते मी बायांना उलगडून सांगायचे. कुणाची म्हैस आटलेली, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचा नवरा घर सोडून गेलेला. पंधरा-सोळा वर्षं हे केलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं पेपरवरनं आणि लेकीच्या पुस्तकांवरनं उचललं. पण ह्या कामात मला गावात मान होता. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

ती लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस-वीसची असंल. आडावरनं दोन घागरी आणताना मधे दोनदा थांबायची. भाकरी थापताना पाठ भिंतीला टेकवायची. मी शेजारणीला म्हणायचे, माहेरी कामाची सवय दिसत न्हाय. तिच्या कानावर जाईल अशाच बेतानं म्हणायचे. एका बाळंतपणात ती इतकी दमली की दुसऱ्याचं नाव काढलं नाही, तेही मी तिच्या खात्यावर आळस म्हणूनच मांडलं. मग एका मंगळवारी आराध्यांच्या गाण्यात तिला पहिल्यांदा वारं आलं आणि माझं मत फिरलं. ज्या दमण्याला मी आळस म्हणत होते, त्याच दमण्याच्या मी पाया पडायला लागले. वारं येऊन गेलं की ती दोन दोन दिवस झोपून असायची, पाय सुजायचे. मी ते पाय चेपायचे. देवीनं वापरलेलं अंग हाय, दुखणारच, असं मी सगळ्यांना सांगायचे.

काही वर्षांमागं पावसाळ्यात तिला खोकला लागला. खोकल्याच्या औषधानं तो जाईना. एक दिवस तिनं थुंकी पदरात पुसली आणि पदराला लाल दिसलं. तालुक्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग हातापायांना चिमटे लावून कागदाची पट्टी काढली, छातीचा एक्स-रे काढला. एक्स-रे उजेडापुढं धरून त्यांनी बोटानं काळजाची सावली दाखवली. ही एवढीच पाहिजे, म्हणाले, ही बघा कुठवर आलीय. सोलापूरला जाऊन इको करा, वाट बघू नका.

सोलापूरला आम्ही तिघं गेलो, मी, ती आणि माझा दीर. दीर बायकांची तपासणी म्हणून बाहेरच बसला. आत अंधारलेली थंडगार खोली. जाऊनं माझा हात सोडला नाही म्हणून मलाही आत राहू दिलं. तिला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला कसलं तरी गार, चिकट लावलं आणि डॉक्टर एक यंत्र बरगड्यांमधनं फिरवायला लागले. तिनं डोळे गच्च मिटलेले. मी मात्र पडद्याकडं बघत होते.

लेकीच्या एका तपासणीला सोनोग्राफीचा पडदा पाहिला होता, त्यामुळं राखाडी धुकं ओळखीचं होतं. पण ह्या धुक्यात काहीतरी जिवंत धडपडत होतं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची त्यांना हौस होती. म्हणाले, मावशी, हे वरचं दालन, हे खालचं, आणि मधे ही झडप, म्हणजे दार समजा. रक्त वरनं खाली याच दारानं उतरतं. दाराची दोन्ही फळकुटं मऊ पाहिजेत, पदरासारखी उडायला पाहिजेत. मी बघितलं. ती उडत नव्हती. कडेनं एकमेकींना चिकटलेली, जाड झालेली, आणि मधे एवढीशी फट. बटव्याची नाडी ओढून घेतल्यावर तोंड राहतं ना, तसं. त्या फटीतनं रक्त चिळकांडीसारखं उडत होतं, यंत्रात ते लाल-निळं दिसत होतं. मग त्यांनी आवाज सुरू केला. फस्स, फस्स, मधेच दोन लागोपाठ, मधेच एक गायब. ठेका नव्हताच त्याला.

डॉक्टरनी विचारलं, लहानपणी ताप येऊन गुडघे, कोपरं सुजली होती का. डोळे मिटूनच ती म्हणाली, व्हय, दहा-अकरा वर्सांची असताना. माहेरी आईनं तेल चोळून उन्हात बसवलं होतं, महिनाभर घराबाहेर पडली नाही. एवढंच तिला आठवत होतं. डॉक्टर म्हणाले, घसा दुखून तसा ताप येतो, सांधे बरे होतात, पण तो ताप काळजाच्या झडपेला धरून बसतो आणि वर्षानुवर्षं तिला आवळत राहतो. आपल्याकडं हे लई बघायला मिळतं, वेळेवर कुणी आणत नाही.

मग म्हणाले, "धडधड व्हायची का? दम लागून पडल्यासारखं?"

मीच बोलले. "नवरात्रात व्हती."

"फक्त नवरात्रात?"

मग मी सगळं सांगितलं. वारं, संबळ, दोन दिवस झोपणं, पायाची सूज. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला, कारण पडद्यावर ती चिकटलेली झडप समोरच होती. मला वाटलं हा आता हसेल. तो हसला नाही. म्हणाला, देवीबद्दल मी काय बोलणार मावशी, माझी आईही तुळजापूरला ओटी भरायला जाते. मी काळजाचं सांगतो. उपास, गर्दी, ढोल, त्यात ठोके वाढले की ह्या फटीतनं रक्त उतरायला वेळच मिळत नाही. ते मागं तुंबतं, फुप्फुसात पाणी होतं. एवढ्या वर्षांत त्या जिवंत राहिल्यात हेच मोठं.

वरच्या दालनाच्या एका कोपऱ्यात त्यांना काहीतरी शंका आली. दुसऱ्या दिवशी घशातनं नळी घालून आतनं बघितलं. कोपऱ्यात रक्ताची गुठळी होती. मांडीतल्या शिरेतनं फुगा नेऊन झडप उघडता येते, छाती कापावी लागत नाही, पण गुठळी असताना फुगा नेता येत नाही. ती सुटून डोक्यात गेली तर अर्धं अंग जाईल. तेव्हा तीन महिने गोळ्या. एक रक्त पातळ करायची, एक ठोके हळू करायची. मग परत नळी घालून बघू.

जाऊला वाचता येत नाही, म्हणून गोळ्या माझ्या ताब्यात आल्या. मी एका पाकिटावर 'रक्त' लिहिलं, दुसऱ्यावर 'धडधड'. सकाळ-संध्याकाळ तिच्या तळहातावर मीच ठेवायचे. महिन्याभरात फरक पडला. खोकला गेला, पायरी चढून आली तरी बोलता यायला लागलं. एक दिवस धुणं पिळता पिळता ती म्हणाली, अक्का, माणसं रोज अशीच असत्यात व्हय? मला आधी कळलंच नाही काय म्हणतीय. मग कळलं की दम न लागता धुणं पिळणं म्हणजे काय, हे तिला पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कळलं होतं.

आणि मग नवरात्र आलं.

माझ्या लेकीचं इथं सांगायला पाहिजे. तिला दहा वर्षं मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले. दोन्ही वेळा सोनोग्राफीत ठोके दिसले, तिनं मला फोनवर आनंदानं सांगितलं, आणि दोन्ही वेळा पुढच्या तपासणीला ते दिसले नाहीत. त्या नवरात्रात तिला तिसऱ्यांदा दिवस होते, अडीच महिने. ठोके दिसलेत आई, असं तिनं ह्याही वेळी सांगितलं, पण आनंदानं नाही. मी चांगलं म्हणाले आणि फोन ठेवला. पडद्यावर दिसलेल्यावर माझा भरवसा उरला नव्हता. मला देवीच्या तोंडून ऐकायचं होतं.

घट बसले. आमच्याकडं नवरात्राचे दिवस माळांनी मोजतात, रोज घटावर एक माळ चढते. पहिल्या माळेला आराधी आल्या, जाऊ मांडी घालून बसली, संबळ वाजला, आणि काही झालं नाही. तिचा श्वास शांत, गळ्याची शीर शांत. दुसऱ्या माळेला तसंच. तिसऱ्या माळेला एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "सोलापूरच्या डाक्टरकडं देवी ठिवून आलीस का काय गं?"

बाया हसल्या. मीही म्हणाले, "न्हाय बाई, आमचीच तिकिटं काढली हुती, देवीचं काढलंच न्हाय." आणखी हसल्या. जाऊ हसली नाही. ती घटाकडं बघत होती आणि तिचा चेहरा असा होता, जसं घरातल्यांनी तिला न सांगता गाव सोडलंय. रात्री जेवणाला ती बसलीच नाही, उपासाचं ताटही तसंच ठेवलं.

चौथ्या माळेला सकाळी मी गोळ्या घेऊन गेले. रक्ताची तिच्या हातावर ठेवली. दुसरी मुठीतच ठेवली. मनात मी सगळा हिशोब केलेला होता. रक्ताची बंद केली तर गुठळी वाढंल, ती चालू राहू दे. ही नुसती हळू करती, पाच दिवस राहिली तर काय बिघडतंय. मला वाटलं मी लई शहाणपणानं ठरवलंय. डॉक्टरनं इतकं नीट समजावलं होतं, त्याचाच मी असा उपयोग केला.

म्हणाले, "एवढे पाच दिवस ही राहू दे. अष्टमी झाली की परत चालू."

तिनं माझ्याकडं बघितलं. लेकीचे दिवस तिलाही माहीत होते. "तुमी म्हंताय तर," म्हणाली, आणि एकच गोळी पाण्याबरोबर घेतली.

अष्टमीला दुपारी बायांनी घर भरलेलं. होमाचा धूर, सगळी दारं माणसांनी अडलेली. संबळ सुरू झाला आणि तिसऱ्या गाण्यालाच तिचं अंग थरथरलं. बायांत कुजबूज झाली, कुणीतरी हळद उधळली. माझ्या अंगावर काटा आला. मी तिचा हात धरला, तो गार आणि ओला होता, नेहमीसारखाच. आज मी दुसऱ्या कुणाचं आधी विचारलं नाही. वाकून म्हणाले, आई, माझ्या लेकीचं काय, औंदा पदरात पडंल का.

तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. मी परत विचारलं. तिनं माझा हात दाबला. एवढा जोरात की माझी बांगडी रुतली. मी बायांकडं वळून सांगितलं, व्हय म्हणती. सगळ्यांनी हात जोडले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मला पक्कं करून घ्यायचं होतं, म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिनं पुन्हा दाबला, आणि सोडलाच नाही.

मग खोकला आला आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातनं गुलाबी फेस आला.

कुणी म्हणालं कुंकवाचं पाणी हाय. मी बघत होते. ओठ निळे पडले होते. ती बसल्या जागी पुढं झुकून हवा ओढत होती आणि हवा आत जात नव्हती. त्या क्षणी मला ती बटव्याच्या तोंडाएवढी फट दिसली, आणि तिच्यामागं तुंबलेलं सगळं. मी ओरडून संबळ थांबवला. पण तोवर तीन वेळा विचारून झालं होतं. तिला श्वास मिळत नव्हता तितका वेळ मी तिला माझ्या लेकीचं विचारत होते.

दिरानं जीप आणली. धाराशिवला इंजेक्शनं देऊन पाणी उतरवलं, ऑक्सिजन लावला, आणि तिथनं अँब्युलन्सनं सोलापूर. तिथं चाकाचं यंत्र खाटेशी आणून इको केला. डॉक्टर तेच. ठोके मोजून म्हणाले, एवढे कसे? गोळी चालू आहे ना? दीर म्हणाला, उपासात एखादी चुकली असंल. जाऊच्या तोंडावर मास्क होता. तिनं मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कुणाला कळलं नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. काही बोलले नाही.

आठ दिवसांनी ती घरी आली. गोळ्या मी दोन्ही द्यायला लागले, वेळेला, एक मिनिट इकडं-तिकडं नाही. आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. तिनं तळहात पुढं करायचा, मी ठेवायच्या. दिवाळीत मी तिच्यासाठी बिनमिठाचं वेगळं करत होते, तेव्हा ती म्हणाली, लई करता अक्का तुमी. मला ते टोचलं. तिनं टोचायला म्हटलं होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरनी कागद पुढं ठेवून दिराला समजावलं. एवढ्या गोळ्या चालू असताना फुप्फुसात पाणी झालं म्हणजे गोळ्या पुरत नाहीत. आता गुठळी विरघळायची वाट बघत बसलो आणि परत असं झालं तर त्या हाताला लागणार नाहीत. फुग्याचा विचार सोडू. छाती उघडून गुठळी काढू आणि झडप बदलून कृत्रिम बसवू. मोठं ऑपरेशन आहे, धोका आहे, पण इलाज नाही.

दिराचा चेहरा उतरला. जाऊ खाली बघत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत खाली. ती सांगणार नव्हती. छाती उघडून घेईल, पण माझं नाव घेणार नाही, हे मला तिच्या मानेवरनंच कळलं. आणि खरं सांगते, एक क्षण मला सुटल्यासारखंही वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

"धडधडीची गोळी मी बंद केली हुती," मी म्हणाले. "चौथ्या माळेपासून अष्टमीपत्तुर. तिनं न्हाय, मी."

डॉक्टरनी पेन खाली ठेवलं. का, असं विचारलं नाही, ते त्यांना कळलं असावं. म्हणाले, ही गोळी अशी एकदम सोडली की ठोके होते त्याहून जास्त उसळतात, मावशी. सोडून बघायची गोळीच नव्हे ही. मग समोरचा कागद त्यांनी फाडला आणि नवा घेतला. म्हणाले, हे आज सांगितलं नसतं तर मी ह्यांची छाती उघडली असती. दीर माझ्याकडं बघत राहिला. वैनी म्हणून त्यानं मला आयुष्यात कधी उलटून बोललेलं नाही, त्याही दिवशी बोलला नाही. उठून बाहेर गेला.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मी म्हणाले, तू का सांगितलं न्हाईस? ती बोटातली अंगठी फिरवायला लागली.

"तुमी म्हणला नसता, तरी मी सोडली असती ती गोळी," म्हणाली. "तिसऱ्या माळेलाच ठरवलं हुतं. तेवढ्या नऊ दिसांतच मला कुणी इचारतंय."

हे खरं होतं की माझं ओझं हलकं करायला म्हणाली, मला ठाऊक नाही. खरं असेल तर मी पंधरा वर्षं तिच्या शेजारी बसून तिला काही विचारलंच नव्हतं. खोटं असेल तर एवढं होऊनही ती माझाच विचार करत होती. दोन्हीनं मला झोप लागत नाही.

"आणि हात दाबला तो?"

"तुमी बायांकडं वळला हुता," ती म्हणाली. "सोडून जाताय का काय असं वाटलं."

पौषात नळी घालून बघितलं, गुठळी विरघळली होती. फुगा नेऊन झडप उघडली. दुसऱ्या दिवशीच्या इकोत फळकुटं पदरागत उडत नव्हती, ती आता उडणारही नाहीत, पण फट मोठी झाली होती. ठोके बेतालच राहिले. रक्ताची गोळी आयुष्यभर, दर महिन्याला रक्ताची तपासणी, वर्षाला इको.

चैत्रात माझ्या लेकीला मुलगी झाली. सुखरूप झाली. आणि इथंच सगळं उलटं झालं, कारण अष्टमीला घरभर बसलेल्या बायांनी देवीचा होकार कानानं ऐकला होता, तोही माझ्याच तोंडून. देवीनं हात दाबून सांगितलं, ही गोष्ट आजूबाजूच्या गावांत गेली. पुढच्या नवरात्राला पहिल्याच माळेला लोहाऱ्याकडच्या अनोळखी बायासुद्धा ओट्या घेऊन दारात आल्या.

मी उंबऱ्यात उभी राहिले. संबळ वाजवू दिला नाही. त्यांना सगळं सांगितलं, झडप, गुठळी, गोळी, गुलाबी फेस. तो होकार नव्हता, म्हणाले, तिला श्वास मिळत नव्हता आणि मी तिला विचारत बसले होते. एक-दोघींनी कानाला हात लावले. एक म्हणाली, मग पोरगी कशी झाली? थोड्या वेळानं त्या दुसऱ्या आळीला गेल्या आणि तिकडनं संबळाचा आवाज यायला लागला.

मला वाटलं मी बरं केलं. मागं वळले तर जाऊ मधल्या दारात उभी. नवीन हिरवं लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू. ती बसायला तयार होऊन आली होती.

"मला इचारलं का?" एवढंच म्हणाली.

मी म्हणाले, तुझ्या जिवासाठीच केलं. ती म्हणाली, गोळी बंद करताना तुमी ठरवलं, आता हे बंद करताना बी तुमीच. डाक्टरनं मला बसून गाणी ऐकायला नको म्हटलं न्हवतं, मी त्यास्नी इचारून आले हुते. गोळी घेऊन, खुर्चीवर बसून ऐकणार हुते. वारं आलं असतं न्हाईतर नसतं आलं.

मला हे माहीतच नव्हतं. ती डॉक्टरला स्वतः काही विचारू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सहाव्या माळेला चहा आणून दिला, तोही न बोलता. अष्टमीला ती दुसऱ्या आळीला जाऊन गाणी ऐकून आली; दीर बरोबर गेला, मला कुणी बोलावलं नाही. काही झालं का, हे मी दिराला विचारलं. तो म्हणाला, गाणी झाली वैनी, चांगली झाली.

गोळ्यांची पाकिटं तिनं मागून नेली. माझ्या अक्षरावर तिनं तिच्या खुणा केल्यात, एकावर फुली, एकावर टिंब. कधी मी सवयीनं विचारते, घेतलीस का. ती व्हय म्हणते. मला हात उघडून बघावासा वाटतो, बघत नाही.

ह्या वर्षीच्या इकोला मी बरोबर गेले होते, कारण गेलेच नाही तर जीव राहत नव्हता. तिचा नंबर आला. मी पिशवी घेऊन उठले तर ती म्हणाली, "बसा अक्का. मी जाती एकटी."

दार लागलं. आतनं काही ऐकू येत नव्हतं. बाकावर माझ्या शेजारी एक पोरगी तिच्या आईचे केस बांधत होती, पलीकडं कुणीतरी फोनवर बसची वेळ विचारत होतं. मी दाराकडं बघत बसले. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, पदर नीट करत, हातात रिपोर्टचं पाकीट.

काय म्हणाले, मी विचारलं.

"सांगती," ती म्हणाली, आणि आधी चपला शोधायला लागली.